कोठडीबाहेर आलेला पुरावा

१९९२ साली पाल्देन ग्यात्सो नावाचे एक तिबेटी भिक्षू ल्हासाहून निसटून नेपाळमार्गे धरमशालेला पोचले. साठीच्या उंबरठ्यावरच्या या माणसाची ३३ वर्षे तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत गेली होती. त्यांच्या सामानात विजेचे दंडुके होते, हातकड्या होत्या, दोन अंगठे एकत्र आवळणाऱ्या लहान कड्या होत्या, सुरे होते. तुरुंगात कैद्यांना ज्या वस्तूंनी छळतात त्याच या वस्तू. ओळखीपाळखीने, पैसे चारून त्यांनी त्या मिळवल्या आणि सीमेपार आणल्या. वाटेत झडती झाली असती तर पुढचे आयुष्य पुन्हा कोठडीतच गेले असते. पण कायद्याची पुस्तके न वाचलेल्या या भिक्षूला एक गोष्ट नेमकी कळली होती. छळाच्या आरोपाला सरकार ‘असे काही घडतच नाही’ एवढेच उत्तर देते, आणि त्या उत्तरापुढे नुसती तोंडी हकिगत टिकत नाही.

पाल्देन यांचा जन्म १९३३ चा, मध्य तिबेटमधल्या पानाम भागातला. लहानपणीच ते मठात गेले. मार्च १९५९ मध्ये ल्हासाचा उठाव चिरडला गेला, दलाई लामा भारतात आले आणि मागे राहिलेल्या हजारोंची धरपकड झाली. त्यांत पाल्देनही होते. चौकशी करणाऱ्यांना त्यांच्याकडून एकच कबुली हवी होती : आपले वृद्ध गुरू भारताचे हेर आहेत. त्यांनी ती दिली नाही. सात वर्षांची शिक्षा झाली, पळून जायचा प्रयत्न फसला तेव्हा आणखी आठ वर्षे वाढली, ती संपल्यावर श्रमछावणी, आणि १९८३ साली स्वातंत्र्याची पत्रके लावल्याबद्दल पुन्हा तुरुंग. १३ ऑक्टोबर १९९० रोजी ल्हासाच्या ड्रापची तुरुंगात एका अधिकाऱ्याने विजेचा दंडुका त्यांच्या तोंडात खुपसला. शुद्धीवर आले तेव्हा ते रक्ताच्या थारोळ्यात होते आणि पुढे त्यांचे वीसेक दात गेले. १९९५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे ते बोलले. इतिहासकार त्सेरिंग शाक्य यांच्या मदतीने त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत गेले. ३० नोव्हेंबर २०१८ रोजी धरमशालेत त्यांचे निधन झाले.

विजेचा दंडुका मुळात गुरे हाकायच्या साधनातून निघाला. शरीराला तो भयंकर वेदना देतो, स्नायू आखडतात, माणूस कोसळतो, मलमूत्रावरचा ताबा सुटतो. पण कातडीवर मागे राहतात ते बारीक डाग, आणि तेही काही आठवड्यांत पुसट होतात. छळ करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. अशा पुसट खुणा वाचायचे शास्त्र उभे राहायला १९९९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांकडे सुपूर्द झालेल्या ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ या वैद्यकीय मार्गदर्शिकेत छळाच्या खुणा, मनावरचे परिणाम आणि पीडिताची हकिगत एकमेकांशी ताडून कशी पाहायची याची पद्धत घालून दिलेली आहे. दंडुक्यांचा धंदा मात्र दरम्यान वाढतच गेला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ओमेगा रिसर्च फाउंडेशन यांनी २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत पोलिसी दमनाच्या साधनांचा व्यापार करणाऱ्या १३० हून अधिक चिनी कंपन्या आढळल्या. २००३ साली त्यांना अशा २८ कंपन्या सापडल्या होत्या.

आता कायद्याकडे वळू, कारण या विषयातला सगळ्यात थक्क करणारा भाग तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला आणि २६ जून १९८७ पासून तो अमलात आला. माहिती किंवा कबुली काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, दहशत बसवण्यासाठी किंवा भेदभावापोटी, सरकारी माणसाने स्वतः, त्याच्या सांगण्यावरून किंवा त्याच्या मूक संमतीने, एखाद्याला जाणूनबुजून दिलेली तीव्र वेदना म्हणजे छळ, अशी त्याच्या पहिल्या कलमातली व्याख्या आहे. वेदना शरीराची असो वा मनाची, दोन्ही त्यात येतात. दुसरे कलम त्याहून कठोर आहे. युद्ध, अंतर्गत अस्थिरता, आणीबाणी, यांतले कुठलेही कारण छळाला चालणार नाही, आणि ‘वरून हुकूम होता’ हा बचावही चालणार नाही. मानवी हक्कांच्या कायद्यात बहुतेक हक्कांना काही ना काही अपवाद जोडलेले असतात. भाषण, सभा, संचार, सगळ्यांवर वाजवी बंधने येऊ शकतात. छळबंदीला एकही अपवाद नाही, आणि माझ्या मते गेल्या शतकात माणसांनी एकत्र बसून लिहिलेल्या सर्वांत थोर वाक्यांत याची गणना व्हायला हवी.

चीनने या करारावर १२ डिसेंबर १९८६ रोजी सही केली आणि ४ ऑक्टोबर १९८८ रोजी त्याला रीतसर मान्यता दिली. म्हणजे ड्रापचीत पाल्देन यांच्या तोंडात दंडुका गेला तेव्हा हा करार चीनवर जवळपास दोन वर्षे बंधनकारक होता. मान्यता देताना मात्र चीनने पुष्कळ दारे लावून घेतली. छळ पद्धतशीरपणे चालू असल्याची विश्वसनीय माहिती मिळाल्यास दहा तज्ज्ञांची छळविरोधी समिती स्वतःहून गोपनीय चौकशी करू शकते, अशी विसाव्या कलमात तरतूद आहे. ती आपल्याला लागू नाही, असे चीनने लिहून दिले. करारावरून दोन देशांत तंटा झाला तर तो आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची वाटही नाकारली. बाविसाव्या कलमाखाली पीडित व्यक्तीला थेट समितीकडे तक्रार करता येते, पण त्यासाठी त्या देशाने वेगळी घोषणा करावी लागते, आणि ती चीनने केलेली नाही. तुरुंगांना अचानक भेटी देण्याची सोय २००२ च्या पूरक करारात आहे. त्यातही चीन सामील नाही. हे सगळे नियमाला धरूनच आहे, करार अशी मुभा देतो. पण त्यामुळे उरते ते एकच साधन : सरकारने दर काही वर्षांनी स्वतःच स्वतःविषयी अहवाल लिहायचा आणि जिनिव्हात प्रश्नांना उत्तरे द्यायची. शिवाय, नागरी आणि राजकीय हक्कांच्या मोठ्या करारावर चीनने ऑक्टोबर १९९८ मध्ये सही केली, ती अजून सहीच राहिली आहे.

चीनच्या स्वतःच्या कायद्यातही छळ गुन्हाच आहे, हे नोंदवायलाच हवे. फौजदारी कायद्याचे २४७ वे कलम छळ करून कबुली घेणाऱ्या न्यायिक कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगते, आणि जखमी करणे किंवा मृत्यू ओढवणे यांना त्याहून कडक शिक्षा आहे. २४८ वे कलम तुरुंगरक्षकांसाठी आहे. उणीव व्याख्येत आहे. केवळ मानसिक छळ, केवळ दहशतीसाठी केलेला छळ, दुसऱ्या कैद्याकरवी किंवा भाडोत्री माणसाकरवी केलेला छळ या चौकटीत नीट बसत नाही, आणि जिनिव्हाची समिती हे वर्षानुवर्षे सांगत आली आहे. सुधारणाही झाल्या. हनान प्रांतातल्या झाओ झुओहाई या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या खुनाची कबुली दिली होती, ती मार खाऊन. अकरा वर्षांनी, २०१० मध्ये, ‘खून झालेला’ शेजारी गावात चालत आला. साऱ्या चीनमध्ये खळबळ उडाली. त्याच वर्षी छळाने मिळवलेला पुरावा वगळण्याचे नियम आले, आणि १ जानेवारी २०१३ पासून अमलात आलेल्या सुधारित फौजदारी प्रक्रिया कायद्यात ते शिरले. गंभीर गुन्ह्यांच्या चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक झाले. झाओ हान चिनी होते. छळाचा बळी फक्त तिबेटी माणूस असतो असे नाही, आणि चीनमधल्या कित्येक वकिलांनी या सुधारणांसाठी आपली उमेद आणि काहींनी आपले स्वातंत्र्यही पणाला लावले आहे.

तिबेटी कैद्यापर्यंत मात्र या सुधारणा क्वचितच पोचतात, आणि त्याचे कारण कायद्यातच लिहिलेले आहे. ‘राष्ट्राच्या सुरक्षेला धोका’ या सदरातल्या गुन्ह्यांत पोलिसांच्या परवानगीशिवाय आरोपीला वकील भेटू शकत नाही. अशाच आरोपींना ‘नेमून दिलेल्या जागी निवासी देखरेखीखाली’ सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते, आणि ती जागा अधिकृत कोठडी नसते. दलाई लामांचा फोटो, तिबेटी झेंडा, परदेशातल्या नातेवाइकाला पाठवलेली निदर्शनाची बातमी, भाषेच्या शिक्षणाची मागणी, यांतले काहीही ‘फुटीरतेला चिथावणी’ ठरू शकते. युशू इथले दुकानदार ताशी वांगचुक यांनी तिबेटी मुलांना शाळेत तिबेटी शिकता यावे म्हणून कायदेशीर मार्गाने धडपड केली. न्यूयॉर्क टाइम्सने २०१५ मध्ये त्यांच्यावर छोटा माहितीपट केला. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना उचलले, २०१८ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि न्यायालयात त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून तोच माहितीपट दाखवला. अटकेनंतर आपल्याला लोखंडी खुर्चीत जखडून मारहाण झाल्याचे त्यांनी वकिलाला सांगितले होते.

या सगळ्यात बाहेरचा एक तपासनीस आतपर्यंत पोचला. ऑस्ट्रियाचे कायदेपंडित मान्फ्रेड नोवाक हे छळाच्या प्रश्नावरचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी होते. त्यांच्या पदाच्या वतीने चीनभेटीची बोलणी १९९५ पासून चालली होती. भेट झाली ती नोव्हेंबर-डिसेंबर २००५ मध्ये. बीजिंग, ल्हासा आणि उरुमची इथल्या तुरुंगांत ते गेले. ल्हासाजवळचा, तेव्हा नव्यानेच उघडलेला चुशुर तुरुंगही त्यांत होता. छळ कमी होत चालला आहे, विशेषतः शहरांत, असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, आणि तरीही तो सर्वदूर आहे असा निष्कर्ष काढला. त्यांच्याकडे आलेल्या हकिगतींत विजेचे झटके, सिगारेटचे चटके, झोपू न देणे, घाण पाण्यात बुडवणे, हातापायांना साखळ्या घालून तासन् तास एकाच अवस्थेत ठेवणे हे सारे होते. मार्च २००६ च्या अहवालातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग वेगळाच आहे. काही कैदी त्यांच्याशी बोलायलाच तयार नव्हते, काहींनी नाव गुप्त ठेवायची विनंती केली, गुप्तचरांची माणसे त्यांच्या भेटीगाठींवर नजर ठेवून होती. इतकी स्पष्ट जाणवणारी भीती आणि आपणच आपल्या तोंडाला लावलेले कुलूप आपल्याला इतर दौऱ्यांत दिसले नव्हते, असे त्यांनी लिहिले. राष्ट्रसुरक्षेचे ढगळ गुन्हे कायद्यातून काढून टाका, ही त्यांची एक महत्त्वाची शिफारस होती.

चीन सरकारचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. १९५१ पूर्वीच्या तिबेटात भूदास होते आणि शिक्षा क्रूर होत्या, असे ते सांगते. त्यात तथ्य आहे. तेराव्या दलाई लामांनी अवयव तोडण्याच्या शिक्षा बंद केल्या होत्या, तरी १९३४ साली लुंगशार या सुधारणावादी सरदाराचे डोळे काढले गेले. १४ मार्च २००८ रोजी ल्हासात जमावाने दुकाने जाळली आणि त्यात निरपराध नागरिक होरपळून मेले, हेही खरे आहे. ज्यांनी आगी लावल्या त्यांच्यावर खटले भरणे हे कुठल्याही सरकारचे कामच होते. पण करारातले दुसरे कलम लिहिले गेले ते असल्याच दिवसांसाठी. मागच्या राजवटीचे पाप किंवा रस्त्यावरची दंगल कोठडीतल्या दंडुक्याचे समर्थन ठरत नाही.

ड्रापचीच्या भिक्खुणींची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९८७ पासून ल्हासात जी लहानमोठी निदर्शने झाली त्यांत मठांतल्या तरुण भिक्खुणी पुढे होत्या. पाच-सात जणींनी बारखोर चौकात यायचे, दोन घोषणा द्यायच्या, काही मिनिटांत पोलिसांच्या हाती लागायचे आणि तीन-चार वर्षांची शिक्षा भोगायची, असा तो क्रम. १९९३ मध्ये ड्रापचीतल्या चौदा जणींनी चोरून आत आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी ध्वनिमुद्रित केली. आईवडिलांची आठवण, दलाई लामांविषयीची ओढ, तुरुंगातला मार, हे त्या गाण्यांचे विषय. प्रत्येकीने स्वतःचे नाव सांगून गाणे म्हटले. ती कॅसेट बाहेर पडली, तिच्या प्रती निघाल्या, भारतात आणि युरोपात पोचल्या. चौदाही जणींच्या शिक्षा वाढल्या. फुन्त्सोग न्यिद्रोन यांची शिक्षा १७ वर्षांवर गेली. न्गावांग सांगद्रोल पहिल्यांदा पकडली गेली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. तुरुंगातल्या वागण्याबद्दल तिची शिक्षा एकामागून एक वाढत २३ वर्षांपर्यंत गेली. आंतरराष्ट्रीय दबावामुळे ती ऑक्टोबर २००२ मध्ये सुटली, आणि फुन्त्सोग न्यिद्रोन २००४ मध्ये.

त्याच तुरुंगात मे १९९८ मध्ये झेंडावंदनाच्या वेळी कैद्यांनी घोषणा दिल्या. नेमक्या त्याच सुमारास युरोपीय संघाचे राजदूत तुरुंग पाहायला आले होते. त्यानंतर आठवडेच्या आठवडे मारहाण चालली, आणि ७ जूनला एकाच दिवशी पाच भिक्खुणी मरण पावल्या. त्यांनी आत्महत्या केल्याचे सांगण्यात आले. स्वतंत्र चौकशी झाली नाही. करारातले बारावे कलम सांगते की छळ झाल्याचा वाजवी संशय असेल तिथे, कुणी तक्रार केली नसली तरी, तत्काळ आणि निःपक्ष चौकशी झालीच पाहिजे.

कॅसेटची जागा पुढे कॅमेऱ्याने घेतली. बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीच्या हिवाळ्यात धोंदुप वांगचेन यांनी गोलोग जिग्मे या भिक्षूला बरोबर घेऊन पूर्व तिबेट पालथे घातले आणि १०८ तिबेटी माणसांच्या मुलाखती टिपल्या. बहुतेकांनी चेहरा झाकला नाही. मार्च २००८ मध्ये मुद्रिते परदेशी रवाना झाली आणि लगोलग दोघांना अटक झाली. त्यातून सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट तयार झाला, आणि ऑलिम्पिकच्या काळात बीजिंगमध्येच परदेशी पत्रकारांना तो गुपचूप दाखवला गेला. वांगचेन सहा वर्षे तुरुंगात राहिले आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेला पोचले. गोलोग जिग्मे यांना लोखंडी खुर्चीत जखडून, टांगून, चटके देऊन छळले गेले. २०१२ मध्ये ते कोठडीतून निसटले, दीड वर्षाहून अधिक काळ लपतछपत राहिले, मे २०१४ मध्ये भारतात आले आणि पुढे स्वित्झर्लंडला गेले.

त्यामुळेच नोव्हेंबर २०१५ मध्ये जिनिव्हात छळविरोधी समितीपुढे चीनचा अहवाल आला तेव्हा एक विलक्षण योग जुळला. ज्या खुर्चीविषयी समिती प्रश्न विचारत होती त्या खुर्चीत बसवला गेलेला माणूस त्याच शहरात होता आणि जे भोगले ते पत्रकारांना सांगत होता. ‘वाघखुर्ची’ या नावाने ओळखली जाणारी ही लोखंडी खुर्ची मनगटे आणि घोटे जखडून टाकते. तीत तासन् तास, कधी दिवसचे दिवस बसवून ठेवले की पाय सुजतात आणि झोप लागत नाही. चिनी शिष्टमंडळाने उत्तर दिले की चौकशीची ही खुर्ची आरोपीच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि आराम वाटावा म्हणून तिला कधी कधी मऊ गादीही लावतात. अल्पसंख्य समाजांतल्या आरोपींना क्रूर वागणूक मिळते हा आरोप निराधार असल्याचेही सांगितले. डिसेंबरमध्ये समितीने निष्कर्ष प्रसिद्ध केले. छळाची प्रथा अजून खोलवर रुजलेली आहे, कबुलीजबाबावर खटल्यांची भिस्त फार आहे, ‘राष्ट्रीय गुपित’ या नावाखाली आकडेवारी दडवली जाते, असे तिने स्पष्ट लिहिले. नावानिशी विचारलेल्या तिबेटी कैद्यांपैकी बहुतेकांची माहितीच मिळाली नाही, याबद्दल खेद नोंदवला. समितीपुढे बोलू पाहणाऱ्या काही चिनी मानवी हक्क कार्यकर्त्यांना देशाबाहेर जाऊ दिले नव्हते, तेही निष्कर्षांत आले.

त्याच वर्षी १२ जुलैला तेन्झिन देलेक रिंपोछे हे खाम भागातले लोकप्रिय लामा चेंगदूच्या तुरुंगात मरण पावले होते. एका बाँबस्फोटाच्या आरोपावरून २००२ पासून ते आत होते, आणि तो आरोप त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. कुटुंबाने देह मागितला. तो न देता तिथेच दहन केले गेले. देह नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, आणि शवविच्छेदन नाही म्हणजे मृत्यूचे कारण सरकार सांगेल तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये कुंचोक जिन्पा हे वाटाडे ल्हासाच्या रुग्णालयात वारले. स्थानिक निदर्शनांची माहिती परदेशात कळवल्याच्या संशयावरून त्यांना २१ वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगातून रुग्णालयात हलवल्याचे घरच्यांना कळवलेही नव्हते.

न्यायालयाने या सगळ्याची दखल घ्यावी असे प्रयत्नही झाले आहेत. इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्स या संस्थेने १९५९ मध्ये नेमलेल्या तिबेट चौकशी समितीचे अध्यक्ष आपल्या सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील पुरुषोत्तम त्रिकमदास होते. निर्वासितांचे जबाब तपासून समितीने १९६० साली जो अहवाल दिला त्यातला काटेकोरपणा आजही वाचण्याजोगा आहे : तिबेटींना धार्मिक समूह म्हणून नष्ट करण्याची कृत्ये झाली आहेत, पण वंश किंवा राष्ट्र म्हणून नष्ट करण्याचा पुरावा पुरेसा नाही. आमसभेनेही १९५९, १९६१ आणि १९६५ साली तिबेटवर ठराव केले. पुढे २००५ मध्ये स्पेनमध्ये फिर्याद दाखल झाली. छळासारखा गुन्हा जगात कुठेही झाला तरी खटला चालवायचा अधिकार तिथला कायदा न्यायालयांना देत होता, आणि फिर्यादींपैकी थुब्तेन वांगचेन हे भिक्षू स्पेनचे नागरिक होते. साक्षी झाल्या, पाल्देन ग्यात्सो यांचीही झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने जियांग झेमिन आणि ली पेंग यांच्यासह पाच बड्या नेत्यांवर अटक वॉरंट काढण्याचा आदेश दिला. चीनने तीव्र निषेध केला. काही महिन्यांतच, २०१४ च्या सुरुवातीला, स्पेनच्या संसदेने कायदाच बदलला आणि जूनमध्ये खटला बंद झाला. पुराव्याअभावी तो बंद झाला नाही, हे लक्षात ठेवायला हवे.

छळातून वाचून आलेल्यांचे पुढे काय होते, हेही पद्धतशीरपणे तपासले गेले आहे. टिमथी होल्ट्झ या डॉक्टरांनी धरमशालेत छळ सोसलेल्या ३५ निर्वासितांची तुलना तसा अनुभव नसलेल्या, बाकी बाबतीत सारख्या ३५ निर्वासितांशी केली आणि १९९८ मध्ये ती प्रसिद्ध केली. पहिल्या गटात चिंतेची लक्षणे लक्षणीय प्रमाणात जास्त होती. मात्र आपण कशासाठी सोसले याची स्पष्ट जाणीव, मठाचा आणि समाजाचा आधार, यांनी ही माणसे बऱ्याच अंशी सावरलेलीही दिसली. पीडिताला भरपाई आणि पुनर्वसन देणे हे करारानुसार छळ करणाऱ्या राज्याचे कर्तव्य आहे. इथे ते काम धरमशालेतली निर्वासितांची रुग्णालये आणि माजी राजकैद्यांची ‘गु-चु-सुम’ ही संघटना करत आली आहे.

साक्षीदारांचा हा ओघ आता आटला आहे. ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा खिंडीतून नेपाळकडे निघालेल्या तिबेटींवर चिनी सीमारक्षकांनी गोळ्या झाडल्या आणि केलसांग नाम्त्सो ही सतरा वर्षांची भिक्खुणी बर्फात कोसळली. सरकारी वृत्तसंस्थेने ‘स्वसंरक्षण’ म्हटले. जवळच्या तळावरच्या एका रुमानियन गिर्यारोहकाने केलेले चित्रण बाहेर आले तेव्हा पाठमोरी चालणारी निःशस्त्र माणसे जगाला दिसली. तोवर दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी याच डोंगरवाटांनी भारतात येत. २००८ नंतर सीमेवरचा पहारा, गावोगावची पाळत आणि पासपोर्टवरची बंधने इतकी वाढली की हा आकडा झपाट्याने घसरून काही मोजक्या माणसांवर आला. चुशुर तुरुंगात आज काय चालते ते सांगायला धरमशालेत कुणी नवा माणूस क्वचितच पोचतो. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ नावे घेऊन पत्रे पाठवतात आणि चीनची उत्तरे येतात, ‘कायद्याप्रमाणे कारवाई झाली’ अशा आशयाची.

जे आधी येऊ शकले त्यांच्यातली काही कुटुंबे महाराष्ट्रातही आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत अर्ध्या शतकापासून आहे, आणि हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बाया आपल्या परिचयाच्या आहेत. छळाचा धोका असेल त्या देशात कुणालाही परत धाडू नये, असे छळविरोधी कराराचे तिसरे कलम सांगते. भारताने या लोकांना सहा दशके आसरा दिला तो स्वतःच्या मर्जीने. तिसऱ्या कलमाचे बंधन आपल्यावर नाही, कारण आपण १४ ऑक्टोबर १९९७ रोजी करारावर सही केली, पण मान्यता दिलेली नाही. छळ प्रतिबंधक विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि लोकसभेची मुदत संपताच ते बाद झाले. विधी आयोगाने ऑक्टोबर २०१७ च्या आपल्या २७३ व्या अहवालात कराराला मान्यता द्यावी अशी शिफारस केली आणि नव्या विधेयकाचा मसुदाही सोबत जोडला. तो कायदा अजून झालेला नाही.